गुरुवारची नोंद

हे मी फार वर्षं टाळलं. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली तेव्हा मला सरळ सांगितलं होतं, "तू सरांवर लिही, तू त्यांच्या हाताखाली होतास." मी मेसच्या आमटीवर लिहिलं. लोक हसले, दोन-तीन पत्रंही आली. सर वारले तेव्हा श्रद्धांजलीच्या चार ओळी वर्तमानपत्राला द्यायच्या होत्या. त्या दुसऱ्या कुणीतरी दिल्या. ती बातमी मी फार वेळ वाचत बसलो म्हणून बायकोने विचारलं, "कोण हो हे?" मी म्हणालो, "इंटर्नशिपला होते." आणि पान उलटलं.

आता माझं वय असं झालं आहे की सकाळी उठल्यावर आधी स्वतःची नाडी बघतो. एका जुन्या वहीत माझ्या अक्षरात दोन खोट्या नोंदी आहेत. त्या खऱ्या धरून एका चांगल्या माणसाने पुढची सगळी वर्षं शिकवलं. हे मी सांगितलं नाही तर सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मानवतपासून आत, कालव्याच्या कडेला एका गावात आमच्या मेडिकल कॉलेजचं ग्रामीण प्रशिक्षण केंद्र होतं. गावाचं नाव लिहीत नाही. परीक्षा पास झालेले आम्ही पाच जण तीन महिन्यांसाठी तिथे शिकाऊ डॉक्टर म्हणून गेलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. एसटी कधी चालू, कधी बंद. केंद्रात तीन खोल्या, एक जीप जी सुरू होत नसे, आणि सर.

पहिल्या दिवशी आम्ही वह्या घेऊन वर्गात बसलो. सर आलेच नाहीत. बाहेर येऊन बघितलं तर पायरीवर उभे, हातात दोरी, दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाची बाही मनगटाच्या खूप वर संपायची, आणि त्या मनगटावर भलंमोठं घड्याळ.

"चला," म्हणाले, "आज फेफरं शिकू."

आम्हाला घेऊन गेले ते गावच्या विहिरीवर. दोरी माझ्या हातात दिली. "कठडा माप."

"दीड हात, सर."

"तुझ्या कुठपर्यंत येतो?"

"मांडीपर्यंत."

"मग तू पाणी शेंदायला वाकलास आणि त्याच वेळी तुला फिट आली, तर तू आत की बाहेर?"

त्यांनी पाचही जणांना पाळीपाळीने कठड्याशी उभं करून विचारलं. पाचही जण आत गेले.

"पुस्तकात मेंदूचं चित्र आहे, ते तुम्ही पाठ केलंय," सर म्हणाले. "पण फिटनं माणूस सहसा मरत नाही. तो मरतो विहिरीनं, चुलीनं, कालव्यानं, झाडावरून पडून. आणि शेजाऱ्यांमुळे."

"शेजाऱ्यांमुळे कसा, सर?"

"थांब. दिसेल."

ते आठच दिवसांत दिसलं. एका बैलगाडीतून सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आणलं. फिट रस्त्यातच थांबली होती, मुलगी ग्लानीत होती. पण एक म्हातारा तिच्या नाकाला चप्पल दाबून बसला होता, एकाने मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला होता, आणि तिसऱ्याने दातांत चमचा घातल्यामुळे ओठ फाटून रक्त येत होतं. सरांनी मुलीला कुशीवर वळवलं, चमचा काढला, आणि म्हाताऱ्याच्या हातातली चप्पल घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"कुणाची हाय ही, बाबा?"

"माझीच हाय, साहेब."

"लय भारी औषध दिसायलंय. कवापासून चालू हाय?"

"घरून निघाल्यापून धरलीय जी."

"मग तुमी बी थोडं घ्या की. तुमाला दम लागायलाय." आणि चप्पल म्हाताऱ्याच्या नाकाशी नेली. म्हाताऱ्याने मान मागे घेतली. गाडीवाला फिसकन हसला, मग म्हातारासुद्धा.

"वास येतो का?"

"येतो जी."

"तिला बी येतो. तिला उगं जीव घाबरा करू नका. कुशीवर निजवा, लुगडं सैल करा, अन् घड्याळ बगा. घड्याळ नसलं तर शंभर आकडे मोजा."

पेशंटशी ते असं बोलत, आमच्याशी पुस्तकी. खूश असले की आम्ही "तू", रागावले की "अहो डॉक्टर". "अहो डॉक्टर, जरा इकडे येता का?" असं ऐकलं की आम्ही एकमेकांना पुढे ढकलायचो.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा सगळी अशीच होती. आमच्यापैकी एकाला जमिनीवर झोपवून फिटचं सोंग करायला लावायचे, आणि बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून नुसतं बघायचं, बरोबर तीन मिनिटं. कुणाचा हात सुटला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटं किती लांब असतात ते मला तिथे कळलं. "हात आवरता येत नाहीत म्हणून लोक चमचा घालतात," ते म्हणायचे. "काहीतरी केलं पाहिजे ना! डॉक्टरलाही तसंच वाटतं, म्हणून डॉक्टरही चुकतो."

कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट आमच्या कॉलेजात दंतकथा झाली होती. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात तीस गोळ्यांची पुडी. "रोज रात्री एक. चुकायची नाही." महिना संपल्यावर उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. माझ्या अकरा उरल्या होत्या. सगळ्यात शहाणा जो, त्याच्या चार. "तुम्ही डॉक्टर," सर म्हणाले, "एक महिना, एक गोळी, झोप न आणणारी. आणि आपण शेतमजुराला म्हणतो, वर्षानुवर्षं घे, गुंगी आली तरी घे, आणि चुकलास तर तू अडाणी." म्हणून त्यांनी नियम केला होता. फिटच्या गोळ्या पेशंटने न्यायला यायचं नाही, आम्ही नेऊन द्यायच्या. प्रत्येकाला घरं वाटून दिलेली. दर गुरुवारी सात गोळ्या, त्यातली पहिली आपल्यासमोर घ्यायला लावायची, आणि परत येऊन वहीत लिहायचं: दिल्या, समोर घेतली. कारण त्या गोळीतल्या औषधाचा, फिनोबार्बिटोनचा, एक स्वभाव आहे. ते सुरू असेतो ठीक, पण एकाएकी तुटलं तर फिट आधीपेक्षा जोरात, लागोपाठ येतात. हे वाक्य सरांनी आम्हाला इतक्यांदा म्हणायला लावलं होतं की मेसमध्ये भाजी संपली तरी आम्ही म्हणायचो, "एकाएकी तोडू नका हो, झटका येईल."

ते क्वार्टरमध्ये एकटे राहत. का, याच्या तीन कथा होत्या. एकीत बायको सोडून गेलेली, एकीत लग्नच झालेलं नव्हतं, तिसरीत बहिणीचं काहीतरी होतं. मी कधी विचारलं नाही. खिडकीतून दिसायचं ते एवढंच की संध्याकाळी ते कॅरम खेळत, एकटेच. एका बाजूच्या स्टुलावर बसून मारायचं, मग उठून समोरच्या स्टुलावर जायचं. एकदा मी कागदावर सही घ्यायला गेलो तर म्हणाले, "दोन मिनिटं थांब, त्याची पाळी आहे." आणि समोर जाऊन बसले. मला वाटलं विनोद करताहेत, पण ते हसले नाहीत. स्ट्राइकर मारून झाल्यावर सही केली. "खेळतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला अभ्यास आहे. नव्हता. बाकीचे चिडवतील म्हणून मी गेलो नाही.

माझ्या वाटणीच्या घरांत गौतमचं घर होतं. गावाबाहेर, कालव्याच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती, केंद्रापासून तासाभराची चाल. बावीस-तेवीसचा पोरगा, घरात तो आणि त्याची आई. त्याला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "गाडी न्हाई." पण नाही म्हणून सोडून द्यायचा सरांचा स्वभाव नव्हता. "काय करू नये याची यादी दिली की अर्धंच काम झालं," ते आम्हाला सांगत. "काय करता येईल ते शोधून दिलं की पूर्ण." गौतमचं अक्षर चांगलं होतं. सरांनी त्याला आरोग्य खात्याच्या भिंती रंगवायचं काम मिळवून दिलं, एका अटीवर: शिडी नाही. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच. त्यामुळे आजूबाजूच्या पाच-सहा गावांत कुटुंबनियोजनापासून हिवतापापर्यंत सगळ्या घोषणा छातीच्या उंचीवर होत्या.

"शेरडं वाचतेत," गौतम म्हणायचा. "मागल्या साली दोन बकऱ्यांनी ऑपरेशन केलं."

मला तो "बारके डॉक्टर" म्हणे. गोळी तोंडात टाकायच्या आधी दर वेळी माझ्यापुढे धरायचा. "घ्या, तुमी बी एक घ्या. एकट्यानं खायला बरं वाटंना." त्याची आई आतून म्हणायची, "गप गिळ की. त्यास्नी दुसरी घरं हायेत." घराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. फिट आली की एक रेघ, ही सरांचीच पद्धत. रेघा चुलीच्या बाजूने सुरू होऊन दारापर्यंत आल्या होत्या आणि तिथे थांबल्या होत्या. सात महिने एकही नवी रेघ नव्हती.

मग नामांतराची घोषणा गावाच्या वेशीवरच्या भिंतीवर रंगवलेली दिसली. कुणी लिहिली हे विचारायची गरज पडली नाही. छातीच्या उंचीवर होती.

त्या दिवसांत जिल्ह्यात काय चाललं होतं ते त्या काळातल्या माणसांना माहीत आहे. एसटी बंद झाली. वस्तीतली माणसं गावातून जायची थांबली. पिठाची गिरणी गावात, दवाखाना गावाच्या पलीकडे. त्यांचं दोन्ही तुटलं. आणि सर मीटिंगला परभणीला गेलेले, ते तिकडेच अडकले.

गुरुवार आला. गावातली घरं उरकून मी पिशवी घेऊन वस्तीकडे निघालो. पारावर चार-पाच माणसं बसली होती. त्यातला एक माझ्या मामाच्या ओळखीचा, आमच्या मेसला त्याच्या घरचं दूध यायचं.

"कुठं निघालाव, डॉक्टर?"

"गोळ्या द्यायच्यात."

"कुणाला? पेंटरला?" सगळे हसले. "जा की. आमी कुठं अडवायलाव? फकस्त मामाला निरोप धाडतो, भाचा लय समाजसेवा करायलाय म्हणून."

एवढंच. कुणी काठी उगारली नाही, कुणी शिवी दिली नाही. मी परत फिरलो. भीती होती असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, आणि ती होतीही. पण माझ्या घरी चाळीस एकर जमीन होती, आणि घरात जेवताना जे बोललं जायचं ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या पारावरच्या माणसांनी मला आपल्यातला धरलं होतं आणि ते मला मोडायचं नव्हतं. हे खरं कारण.

लगेच केंद्रावर गेलो असतो तर इतर मुलांनी विचारलं असतं. म्हणून मोसंबीच्या एका बागेत दुपारपर्यंत बसलो. मग गेलो, वही उघडली, आणि लिहिलं: दिल्या. समोर घेतली.

गोळ्या माझ्या पेटीत ठेवल्या. पुढच्या गुरुवारी चौदा एकदम देऊ, असा हिशेब केला. फिनोबार्बिटोनबद्दलचं ते वाक्य मला पाठ होतं. पण एक आठवडा काय होतंय, त्याने दोन-चार शिल्लक ठेवल्या असतील, असंही मनात आलं. अकरा गोळ्या चुकवणारा मीच होतो, तरी मला तो काटकसरीने उरवणारा वाटला.

दुसऱ्या गुरुवारी सर परत आले होते. सकाळीच म्हणाले, "बस नाही, पण पाय आहेत. जाशील ना?"

"हो, सर."

"मागच्या गुरुवारी गेला होतास ना?"

"हो, सर."

"शाबास. मला धाकधूक होती."

या वेळी मी पार टाळून शेतातून गेलो. कालव्याच्या पुलापर्यंत पोचलो. पलीकडे वस्ती दिसत होती. पुलाच्या अलीकडे गावातली तीन पोरं उभी होती. ती मला काही बोललीही नाहीत. मी पुलाच्या कठड्यावर थोडा वेळ बसलो, चपलेतला खडा काढल्यासारखं केलं, आणि फिरलो. वहीत लिहिलं: दिल्या. समोर घेतली.

रविवारी गौतम कालव्यात सापडला.

सर आणि मी पायी गेलो. वस्तीत गेल्यावर लोकांनी वाट करून दिली. सर आईसमोर जमिनीवर बसले. मी दारात उभा राहिलो. दाराजवळच्या भिंतीवर कोळशाच्या दोन नव्या रेघा होत्या. सरांनी त्या माझ्याआधी पाहिल्या होत्या.

"ह्या कवाच्या?"

"ह्याच हप्त्यातल्या," ती म्हणाली.

"कालव्यावर कशाला गेला एकटा?"

"रंगाचे हात धुवायला गेला आसंल."

"गोळ्या घेत हुता का? खरं सांगा, माय. मी रागावणार न्हाई. गोळ्या मिळत हुत्या का?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग सरांकडे वळून म्हणाली, "घेत हुता, साहेब. हे देऊन जायचे की."



त्या संध्याकाळी सरांनी वही मागवली. दोन्ही गुरुवारच्या ओळींवर बोट ठेवून वाचल्या. वही मिटली आणि मला म्हणाले, "तुझं काम चोख आहे. चूक माझी. मात्रा कमी पडली, आणि मी त्याला फार मोकळं सोडलं." पोलिसांच्या कागदावर बुडून मृत्यू एवढंच लिहिलं गेलं. सरांनी मात्र आपल्या वहीत लाल शाईने लिहिलं: औषध नियमित असूनही.

मी तेव्हाच बोललो असतो तर? इंटर्नशिप लांबली असती, घरी समजलं असतं, थोडी नामुष्की झाली असती. त्यापुढे काही नाही. हे मी पुष्कळदा जोखून पाहिलं आहे.

महिन्याभराने मी तिथून निघालो, पण सरांच्या बातम्या येत राहिल्या. आमच्यानंतरच्या तुकड्यांतली मुलं भेटायची. त्यांच्याकडून कळलं की सरांनी सगळ्या पेशंटांची मात्रा वाढवली. लोक दिवसा पेंगू लागले. गाडीतून आलेली ती मुलगी, सरांनी घरच्यांना समजावून तिला पुन्हा शाळेत घातलं होतं. ती बाकावर झोपू लागली आणि घरच्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं. काहींनी गुंगीला कंटाळून गोळ्याच सोडल्या. विहिरीवर घेऊन जाणं सरांनी बंद केलं. आता ते वर्गात शिकवत, फळ्यावर, आणि काय करू नये याची यादी देत. घरच्यांना सांगत, "बाहेर सोडू नका." जो माणूस पेशंटला भिंत रंगवायला लावायचा, तो आता त्याला भिंतीच्या आत ठेवायला सांगत होता.

"आणि एक केस शिकवतात," एका मुलाने मला परभणीच्या स्टँडवर उत्साहाने सांगितलं. "वही दाखवतात. गोळी नियमित, समोर घेतल्याची नोंद, तरी सात महिन्यांनी फिट आणि बुडून मृत्यू. म्हणतात, औषधावर भरवसा ठेवू नका. शिकवून झालं की बराच वेळ खिडकीतून बाहेर बघतात. मुलं त्यांना घाबरतात हो, सर." त्याला ठाऊक नव्हतं की ते अक्षर माझं आहे.

गौतमच्या आईकडे मी दोन वर्षांनी गेलो होतो. तिला कबूल करून सांगण्यासारखं काही नव्हतं, तिला सगळं माहीतच होतं. मी पाया पडलो. ती मागे सरकली.

"उठा. लगीन झालं का?"

"नाही. मावशी, तुम्ही त्या दिवशी सरांना तसं का सांगितलं?"

ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. "तवाचे दिस कसे हुते, तुमाला ठाव न्हाई का? मोठ्या घरच्या लेकराचं नाव घेऊन मी कुठं राहू?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "हात धुवायला न्हवता गेला त्यो. गोळ्या आणायला निघाला हुता, कालव्याकालव्यानं. गावातून जाऊ नको म्हणून मीच सांगितलं." आणि उरलेल्या शेंगा सुपात घेऊन आत गेली. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आली नाही.

त्यानंतर तरी मी सरांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. दर वर्षी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण आता नुसती चूक सांगायची नव्हती. इतकी वर्षं का सांगितली नाही तेही सांगायचं होतं.

शेवटचे भेटले ते देवगाव फाट्यावर. मी तेव्हा जवळच्याच एका सरकारी दवाखान्यात होतो. दुपारची वेळ, उन्हाळा. हॉटेलच्या पत्र्याखाली बाकावर एक उंच माणूस बसलेला, मांडीवर कापडी पिशवी. मनगट दिसलं आणि ओळखलं. मी क्षणभर मागे फिरायच्या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. नावाने. इतक्या मुलांतून माझं नाव त्यांच्या लक्षात होतं.

ते निवृत्त झाले होते. मानवतला एका खोलीत राहत होते. "जेवण खानावळीतून येतं," म्हणाले. "डबा आणणारा बोलत नाही फारसा. बरं आहे." दोन चहा मागवले. माझ्या बायकामुलांची चौकशी केली. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "बरं झालं भेटलास. तुला एक विचारायचं होतं. बरीच वर्षं डोक्यात आहे."

मला कळलं काय विचारणार ते.

"तो गौतम. सात महिने एक फिट नाही, आणि एकदम दोन, मग तिसरी. हे मला कुठे जुळत नाही. एकाएकी औषध तुटल्यासारखं दिसतं ते. पण तुटलं तर नव्हतं. म्हणून वाटतं, गोळी तोंडात ठेवून नंतर थुंकत होता की काय? तू समोर होतास. आठवून सांग. गिळली होती का त्याने? पाणी कशातून प्यायला?"

त्यांनी सगळं स्वतःच शोधून काढलं होतं. एवढ्या वर्षांत, एकट्याने, वहीच्या विरोधात जाऊन ते बरोबर ठिकाणी येऊन पोचले होते, आणि आता फक्त माझ्याकडून एक शब्द हवा होता. हॉटेलात तिसरं गिऱ्हाईक नव्हतं. हॉटेलवाला पाठ करून भांडी घासत होता.

"तांब्यातून," मी म्हणालो. "गिळली होती, सर. दोन्ही वेळा."

"नक्की?"

"हो."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना संशय आला असावा असं मला कधी वाटतं, कधी नाही. मग मान हलवली. "म्हणजे मात्राच," स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "माझीच मात्रा."

मानवतची बस आली. मी त्यांची पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो. ते चढले, खिडकीशी बसले. कंडक्टर खाली उतरून पानाच्या टपरीवर गेला, म्हणून बस आणखी पाच मिनिटं तिथेच उभी होती. मी खिडकीखाली उभा राहिलो. सर, मी गेलो नव्हतो. दोन्ही गुरुवारी गेलो नव्हतो. गोळ्या माझ्या पेटीत होत्या. तो त्याच आणायला निघाला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं, मला माफ करा. इतकी पाच वाक्यं होती. आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेत याहून लांब उत्तरं मी न अडखळता दिली होती.

कंडक्टर आला, घंटी वाजली. बस हलली तसा मी खिडकीचा गज धरून दोन पावलं सोबत चाललो.

"सर—"

त्यांनी वाकून कान बाहेर काढला. इंजिनाचा आवाज होता. "काय रे? बोल."

"तब्येतीला जपा, सर," मी म्हणालो, आणि गज सोडला.